दोन फेऱ्यांमधली बोट

मुंबई-गोवा क्रूझच्या लागोपाठ दोन फेऱ्या मी एकाच बोटीवर घेतल्या होत्या. पहिली संपून बोट मुंबईला लागली, तसा मी बॅग ओढत बाहेर निघालो. लाउंजमध्ये बसलेल्या, आदल्या रात्री जेवताना ओळख झालेल्या मुलुंडच्या एका काकूंनी हटकलं.

"पुढच्या फेरीलाही तीच केबिन आहे ना? मग बॅग कशाला भरलीस? कपाटातच राहू दे कपडे. काउंटरवरून नवीन कार्ड घे आणि इथे येऊन बस."

मी परत आलो तोवर बाकीचे प्रवासी उतरले होते. काकू चपला काढून, पाय वर घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर त्यांची पर्स होती, म्हणून मी समोर बसलो. साफसफाईवाले एकमेकांना मोकळ्या आवाजात हाका मारत होते. काकू कान देऊन ऐकत होत्या.

"गोवा फार आवडतो वाटतं," मी म्हणालो.

"गोव्याचं काय एवढं. आमचे मिस्टर बोटीवर कुक होते. सांगायचे, पॅसेंजर उतरले की नवे चढेपर्यंत बोट आमची. ते गेल्यावर मी एक फेरी केली, तर नेमकं तेव्हाच उतरावं लागलं. म्हणून आता दोन घेते."

थोड्या वेळाने जिन्यावर गलका ऐकू आला. काकूंनी चपला घातल्या, शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "चला, आली लोकं."