मालूच्या लेकीची हाक

राजापूरची मालू पंचाहत्तर साली बहरीनला आली ती जुफैरमधल्या एका बेल्जियन इंजिनियरच्या घरी आया म्हणून. नवरा शिवदास तिथेच सित्राच्या तेल कारखान्यात फिटर होता. चार वर्षांची लेक स्मिता साहेबांच्या मुलांतच वाढली आणि बघता बघता त्यांच्यासारखी फाडफाड फ्रेंच बोलू लागली. आपली पोर काय बोलते ते आपल्याला कळत नाही, याची मालूला तेव्हापासूनच धाकधूक.

स्मिता आठ वर्षांची असताना परदेशी सिनेमावाले समुद्रकाठी शूटिंगला आले. त्यांना फ्रेंच बोलणारी सावळी मुलगी हवी होती. साहेबांच्या बायकोने, मॅडमनी, स्मिताचं नाव सुचवलं. पहिल्याच दिवशी एका माणसाने तिला फरफटत होडीकडे नेलं, पोरीने टाहो फोडला आणि मालू साडीनिशी पाण्यात धावली. शॉट वाया गेला. खोटं होतं ते, म्हणत स्मिता हसत सुटली. मालूला हसू आलं नाही.

"खोटं रडायचं ते त्यांच्या भाषेत रड," तिने बजावलं. "खरंच भ्यायलीस तर मराठीत हाक मार."

सिनेमा चालला. मग रडणाऱ्या पोरीचीच कामं येत गेली आणि बाराव्या वर्षी पॅरिसहून बोलावणं आलं. मालूला व्हिसा मिळाला नाही. नको धाडायला, असं ती शिवदासला सांगत राहिली, पण लेकीच्या हट्टापुढे तिचं काही चाललं नाही. स्मिता तिथे सिनेमा कंपनीतल्या एका बाईच्या घरी राहू लागली. महिन्यातून एकदा फोन यायचा. बरी आहे, एवढंच बोलायची, तेही तुटक.

पंच्याऐंशी साली नव्या सिनेमाची कॅसेट आली. मॅडमनी पाहुणे बोलावले, मालूला मुद्दाम पुढे बसवलं. सिनेमात स्मिताला कोरड्या विहिरीत सोडून वर फळ्या टाकल्या होत्या. आधी ती फ्रेंचमध्ये ओरडली. मग आतून आवाज आला, "आये गो, हे खरं आहे. मला बाहेर काढ."

पाहुणे वाहवा करत होते. ते शब्द कळणारी त्या खोलीत एकटी मालूच होती. हे शूटिंग होऊन सात महिने उलटले होते. त्यानंतर पोरीचं काय झालं असेल?

तिने उठून टीव्ही बंद केला आणि मोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच पॅरिसला फोन लावला. पोरीला थोडं घाबरवल्याशिवाय काम चांगलं होत नाही, शिवाय करार अजून वर्षभराचा आहे, असं उत्तर आलं. शेवटी साहेब स्वतः आणायला गेले. ते आठ दिवस मालू फोनपाशीच बसून राहिली.

स्मिता परत आली. महिनाभर तिने खोलीचं दार कुणाला लावू दिलं नाही. मग एकेक सांगू लागली. फोनवर बोलताना जिच्या घरी राहायची ती बाई शेजारी उभी असायची आणि चार शब्दांपुढे गेलं की फोन काढून घ्यायची, हेही.

अठराव्या वर्षी तिने पुन्हा सिनेमा करायचं ठरवलं तेव्हा मालू हादरली.

"मला हेच काम येतं, आये," स्मिता म्हणाली. "या वेळी तू बरोबर चल."

करारात आईचं तिकीट लिहून घेतलं. मालू सेटवर खुर्ची टाकून बसू लागली. लोक तिला हसत. शॉट संपेपर्यंत ती मराठी हाकेसाठी कान लावून बसे आणि हातातला चहा निवून जाई.