सासूबाईंच्या नावावर खपवलेलं वचन

त्या नवीन वर्षाच्या सकाळी मोहोपाड्यात इतकं धुकं होतं की चर्चहून घरी येताना पुढे चालणारी माणसं दिसत नव्हती, नुसत्या 'हॅपी न्यू इयर'च्या हाका तेवढ्या येत होत्या. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. आम्ही दोघी पांढऱ्या कापसातून चाललोय असं वाटत होतं. माझ्या पर्समध्ये वचनाची दोन कार्डं होती, एक माझं, एक त्यांचं.

आमच्या चर्चच्या मंडळीत ही पद्धत जुनी. वर्षाच्या पहिल्या उपासनेनंतर स्टीलच्या ताटात घडी घातलेली कार्डं फिरवतात, प्रत्येकावर शास्त्रातलं एक वचन. जे हाती येईल ते वर्षभरासाठी तुमचं. बदलायचं नाही, परत टाकायचं नाही. आमच्या घरी ते चहा झाल्यावर, प्रार्थना करून उघडायचं, असा सासूबाईंचा नेम. त्यांच्या एका डोळ्याला मोतीबिंदू, दुसऱ्याला कंटाळा. त्यामुळे त्यांचंही कार्ड मीच वाचायची.

त्या वर्षी माझा जीव त्या कार्डात अडकला होता. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून आम्हा सासूसुनेचं बरं चाललं होतं. आणि नाताळाच्या आधी पाळकबाईंनी, म्हणजे आमच्या पास्टरांच्या बायकोनं, माझ्यासाठी स्थळ आणलं! सेहेचाळिसाव्या वर्षी! माणूस पोशीरचा, विधुर, साजगावच्या कारखान्यातून निवृत्त होऊन गावी भाताची शेती बघणारा. घरी आला तेव्हा पिशवीभर वालाच्या शेंगा घेऊन आला आणि तासाभरात चार वाक्यं बोलला. त्यातलं एक होतं, "आईंनापण घेऊन या, घर मोठं आहे."

मला तो आवडला. इथे लिहायला आता कसली लाज? पण आवडला म्हणूनच मी घाबरले. सासूबाई आपल्या लेकाची कबर सोडून कुठे येणार? आणि त्यांना मागे टाकून मी कुठे जाणार? पाळकबाईंना मी ऐटीत सांगितलं, "एक तारखेला देव काय सांगतो ते बघू." मनात म्हटलं, देवा, तूच नाही म्हण, म्हणजे माझी सुटका.

चहा झाला, प्रार्थना झाली. मी माझं कार्ड उघडलं. ऊठ, नीघ, मी तुझ्यापुढे चालतो, अशा अर्थाचं वचन होतं. घाईघाईनं सासूबाईंचं उघडलं. शांत राहा, स्थिर राहा. बघा! मला हवं होतं ते त्यांच्या हाती, आणि ऐंशीला टेकलेल्या बाईला शोभेल तेही तेच.

"वाच की गं, काय आलंय?" त्या म्हणाल्या.

आणि मी अदलाबदल केली. त्यांचं माझ्या नावानं वाचलं, माझं त्यांच्या नावानं. आवाजसुद्धा कापला नाही, इतकी मी निर्ढावलेली. वाटलं, म्हातारी आमेन म्हणेल, कार्ड चष्म्याच्या घरात ठेवेल आणि विसरून जाईल.

त्यांनी आमेन म्हटलं खरं. कार्ड चष्म्याच्या घरात ठेवलंही. पण दुसऱ्या दिवशी मी मशीनवर बसले असताना डांबरगोळ्यांचा वास आला. बघते तर पलंगाखालची ट्रंक बाहेर, आणि बाई लुगड्यांच्या घड्या घालतायत.

"आई, हे काय चाललंय?"

"देवानं नीघ म्हनून सांगितलंय. टेंपो सांग. पोशीरला जायचं हाय."

"अहो, स्थळ मला आलंय!"

"मग तू स्थिर राहा. तुला तसंच आलंय. मी जाते. तो मला पन घेऊन या म्हनालाय."

मला हसू आलं आणि रागही आला. दोन दिवस मी कुरकुरले, आदळआपट केली, भाजीत मीठ जास्त घातलं. त्यांच्यावर ढिम्म परिणाम नाही. ते दोन दिवस मला आजही स्वप्नासारखे आठवतात. बाहेर धुकं उठत नव्हतं, घरात त्या हळूहळू एकेक वस्तू उचलत होत्या, आणि खोली रिकामी होत चालली होती. तिसऱ्या दिवशी वळून बघितलं तर भिंतीवर लेकाचा फोटो नव्हता. तिथे फिक्या रंगाचा चौकोन होता. फोटो लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत सगळ्यात वर ठेवला होता.

मग मला राहवलं नाही. त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं, रडत. "ते वचन माझं होतं, आई. मी खोटं वाचलं. तुम्ही त्यांची कबर सोडून कशा येणार, म्हणून."

त्यांनी हातातलं लुगडं बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "मला वाटायचं तुजा जीव त्याच्या मातीत अडकलाय. दर रविवारी कबरीवर जायची तू."

"तुमच्यासाठी जायचे! तुम्हाला बरं वाटावं म्हणून!"

"आनि मी तुज्यासाठी. गुडघे मोडून यायचे गं, भवाने!"

नऊ वर्षं! नऊ वर्षं दोघी एकमेकींसाठी अडून बसलो होतो, आणि तो बिचारा केव्हाच देवाघरी सुखात. आधी त्या हसल्या, मग मी, मग दोघी रडलो.

"देव पुढं चालतो म्हनालाय," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आनि तू त्याच्या तोंडून भलतंच वदवून घेतेस होय?"

त्यांनी चष्म्याच्या घरातून कार्ड काढलं. तीन दिवसांत त्याची घडी मऊ पडली होती. ते माझ्या हातात दिलं आणि खुर्चीत सरळ बसल्या, चर्चमध्ये बसतात तशा, पदर डोक्यावर घेऊन.

"आता वाच," त्या म्हणाल्या. "तुज्या नावानं. मोठ्यानं."

मी वाचलं. या वेळी मात्र आवाज कापला.