मोराची चादर आणि माझी तक्रार

चहा संपवा आधी, नाहीतर ऐकताना ठसका लागेल. आता कसं सांगू, मी माझ्याच मुलीचं ठरलेलं लग्न एका चादरीपायी मोडायला निघाले होते. तेही कायद्याने!

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. ग्राहक दिनाला सोलापुरातल्या एका महिला मंडळाने मला भाषणाला बोलावलं. मी सुटलेच. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, बाहेर विणलेली चादर त्या नावाने विकता येत नाही, नव्या ग्राहक कायद्यात तर खोट्या मालाची जाहिरात करणारा नामवंतसुद्धा अडकतो, असं सगळं. टाळ्या पडल्या, सत्कार झाला. त्या दिवसापासून मी घरात येणारी मिठाची पुडीही उलटीपालटी करून वाचायला लागले. आमचे हे म्हणाले, "मलाही एकदा उलटून बघ, कुठं शिक्का आहे का."

पुढे माझ्या मुक्ताचं मोडनिंबच्या घरी जमलं. साखरपुड्यात विहीणबाईंनी मला चादर दिली. निळी, मोरांच्या नक्षीची. आता आपल्या सोलापुरात चादर अंगावर कमी आणि आहेरात जास्त फिरते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आलेली चादर प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढताच पुढच्या कार्यात द्यायची. पण मी पडले जागरूक ग्राहक. पिशवी फोडली. आत घडीत लेबल शिवलेलं, त्यावर भलत्याच राज्यातल्या गावाचं नाव.

माझं डोकंच फिरलं. माझ्या भोळ्या विहीणबाईंना कुणीतरी गंडवलं होतं. लगेच फोन लावला.

"दुकान कुठलं ते सांगा."

"जाऊ द्या की ताई. चादरीचं काय एवढं?"

"बिल तरी असेल?"

"न्हाय हो. ऱ्हाऊ द्या की."

बाई दुकानदाराला घाबरतायत, दुसरं काय? मी रोज फोन करायला लागले. त्यांनी उचलणंच सोडून दिलं.

मुक्ता रडकुंडीला आली. "आई, आहेरात खोट काढणाऱ्या घरात सोयरीक करायची का, असं म्हणतायत ते लोक. पुरे कर ना."

"अगं, मी त्यांच्याच बाजूनं लढतेय."

मग लग्नाचा बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी कापडदुकानात जमली. समोर साड्यांचा ढीग. मी पिशवीतून चादर काढून त्यावरच अंथरली. "तक्रार तयार आहे. फक्त विकणाऱ्याचं नाव हवं. ते कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

मुक्ताचे होणारे सासरे ताडकन उठले. "चला, उटा सगळे. हितं आपला अपमान व्हायलाय."

मुक्ताचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात विहीणबाईंनी नवऱ्याचा हात ओढून त्यांना खाली बसवलं.

"ताई, आता सांगतेच. ही चादर तुमीच दिलेली हाय, बैठकीला आलो तवा. आमी पिशवी बी फोडली न्हाय. साखरपुड्याच्या गडबडीत तीच तुमाला परत आली बगा."

"मी? मी कुठून आणली?"

आमचे हे चहाच्या कपात बघत बोलले, "बैठकीच्या दिवशी कपाटातून मीच काढून दिली. तुझ्या सत्काराची."

"कुठल्या सत्काराची?"

"ग्राहक दिनाच्या. थांब, व्हिडिओ आहे की."

फोन हातोहात फिरला. त्यात मी व्यासपीठावर उभी, पिशवीतली तीच चादर डोक्यावर उंच धरून सांगतेय, "मैत्रिणींनो, नीट बघून घ्या, अस्सल सोलापुरी चादर अशी असते. आणि लक्षात ठेवा, खोट्या मालाची जाहिरात करणारासुद्धा कायद्यातून सुटत नाही."

आधी सासरे हसले, मग सगळं दुकान. मुक्ता तर डोळे पुसत हसत होती. लग्न वाचलं एकदाचं. मला मात्र साड्यांच्या ढिगाखाली जाऊन बसावंसं वाटत होतं.

विहीणबाईंनी चादरीची नीट घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली आणि फार मायेनं विचारलं, "मग ताई, तक्रारीत आता कुनाचं नाव घालायचं?"