भरती मोजायचा खांब

माझी जीभ तिखट. शाळेत ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगते, मला त्याचा तोराही होता. नव्वदच्या दशकात मी नाशिकरोडच्या एका शाळेत नववीला भूगोल शिकवायचे. समुद्र म्हणाल तर तोवर दोनदाच पाहिलेला, तोही सहलीतली पोरं मोजण्याच्या नादात.

त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात भरती-ओहोटीचं मॉडेल न्यायचं ठरलं. मी वर्गात विचारलं, "पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी भरती कशी मोजली असेल? ज्याचं उत्तर चांगलं, त्यानं मॉडेल करायचं." मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. घरची शेवंतीची शेती, सकाळी फुलं तोडून मग शाळेत यायची. एरवी तोंडातून शब्द नाही. म्हणाली, "बाई, धक्क्यावर खुणांचा खांब रोवला असेल. शेजारी माणूस बसवायचा, त्यानं तासातासाला बघून लिहायचं. आपण पुरात मारुती बघतो ना, तसं."

आता, गोदेला पूर आला की नाशिककर फूट-इंच विचारत नाहीत. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की कमरेला, एवढंच विचारतात. पण मला ते उत्तर अडाणी वाटलं. "अगं बाई! मग शास्त्रज्ञांनी समुद्रात कुठला मारुती उभा केला होता? शेंदूर कोण लावायचं त्याला?" वर्ग खदाखदा हसला. मीही हसले. मॉडेल वर्गातल्याच एका डॉक्टरांच्या मुलीला दिलं. पाइप, आत तरंगणारा चेंडू, फिरत्या कागदावर रेघ ओढणारी पेन्सिल, असं तिनं पुस्तकातलं घडाघडा सांगितलं होतं.

आठवड्याभरात वाचनालयात एक जुनं पुस्तक चाळताना दिसलं, की ती पेन्सिल फार नंतरची. त्याआधी कितीतरी वर्षं बंदरांत खुणांचे खांबच होते आणि पाळीपाळीनं बसून आकडे लिहिणारी साधी माणसं. त्यांच्याच आकड्यांवरून शास्त्रज्ञांनी चंद्राशी मेळ लावला. वाचता वाचता माझे कान तापले.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायला काय जड होतं? पोरी, तू बरोबर होतीस, मी चुकले. संपलं. पण बाई चुकतात हे कळलं तर पोरं डोक्यावर बसतील, अशी मनाची समजूत घातली आणि फळ्यावर नवा धडा लिहिला. मॉडेलला बक्षीस मिळालं तेव्हा टाळ्याही वाजवल्या. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत दहावीचं वर्षही सरलं. लाज वाटते मला, अजून वाटते.

निरोप समारंभाला ती शेवंतीच्या शेतावरची मुलगी आली, वाकून नमस्कार केला. "बाई, तुमच्यामुळे सुधारले मी," अगदी मनापासून म्हणाली. "त्या दिवसापासून स्वतःच्या मनाचं काही बोलत नाही. पुस्तकात असतं तेवढंच पाठ करते."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "शाब्बास."