गटप्रमुखाच्या मापाची झोळी

इनायतुल्लाचं अकोल्याच्या जुन्या शहरात गाद्यांचं दुकान. त्याची मुलगी तहरीम कापसाच्या ढिगातच वाढली, आणि शिलाई मशीनच्या पायडलवर पाय पोचला तशी गाद्यांच्या खोळी, म्हणजे गिलाफ, शिवू लागली. ती अमरावतीला तंत्रनिकेतनात शिकायला निघाली तेव्हा बापाने एकच अट घातली. नापास झालीस की परत यायचं आणि गिलाफ शिवायला बसायचं. तहरीमला शिवायचा कंटाळा नव्हता. जन्मभर एकाच सरळ रेषेत शिवायचं, ह्याची मात्र तिला धास्ती होती.

शेवटच्या वर्षी गटाने मिळून एक वस्तू घडवायची होती आणि गुण सगळ्यांना सारखे मिळणार होते. हा नियम करणारा स्वतः कधी गटात राबला नसावा. ती वर्षं अशी, की पेपर उघडला की शेतकऱ्याची वाईट बातमी. म्हणून कॉलेजातल्या प्रत्येक गटाला शेतकऱ्यासाठीच काहीतरी करायचं होतं. शेतात जायला मात्र कोणाला सवड नव्हती.

तहरीमच्या गटात चौघं होती. गजेंद्र गटप्रमुख झाला, कारण आपण शेतकऱ्याचा पोरगा आहोत हे त्याने सगळ्यांच्या आधी सांगून टाकलं. धामणगावकडे त्याच्या घरची काळी जमीन होती हे खरं. तिथल्या ढेकळाला त्याचा पाय कधी लागला होता का, हे कोणी विचारलं नाही. दानिश चित्र काढणार होता. प्रणालीचं अक्षर चांगलं, म्हणून अहवाल तिच्याकडे. शिवायचं तहरीमने. गजेंद्र गट सांभाळणार होता.

कल्पना तहरीमची होती. कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधतात, ती भरली की कंबर ओढते. तर खांद्यावर पट्टे असलेली झोळी करावी. सरांपुढे गजेंद्रने ती 'आमची कल्पना' म्हणून मांडली.

माप घ्यायची वेळ आली तेव्हा दिवाळीचे कपडे शिवायला आल्यासारखा गजेंद्रच हात पसरून उभा राहिला. तो उंच, खांद्यात रुंद, आणि पोटानेही गटाचा प्रमुखच. तहरीम म्हणाली, वेचतात बाया, तर माप बाईचं घेऊ.

"चित्र झालं दानिशचं, आता काहून बदलून राहिली?" गजेंद्र म्हणाला. "थोडंफार इकडंतिकडं चालते."

दानिशला चित्र पुन्हा काढायचं नव्हतं. प्रणालीने तर 'अनेक महिलांशी चर्चा करून' असं सुरेख अक्षरात लिहूनही टाकलं होतं. जास्त बोललं तर गट मोडल्याचं खापर आपल्यावर येईल, म्हणून तहरीम शिवत राहिली. दुहेरी शिवण, काठ दुमडलेले, टोकांना टाके पक्के. चुकीचं माप इतकं सुबक क्वचितच कोणी शिवलं असेल.

नांदगाव पेठेजवळच्या एका शेतात वेचणी चालू होती. तिथे बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंसमोर झोळी वापरून दाखवायची होती. वेचणाऱ्यांपैकी कौशल्याबाईने लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवलेला होता. त्यावर तिने झोळी घातली. पट्टे खांद्यावरून घसरले आणि झोळीचं तोंड थेट गुडघ्यावर आलं.

"हे तं माह्या नवऱ्यालेबी ढिलं होईन," ती म्हणाली. "आन् तो काई वेचाले येत नाई."

बाया हसल्या. परीक्षक बाईंनी विचारलं, हे कोणाच्या अंगाचं माप आहे? गजेंद्रने तो गटाचा निर्णय असल्याचं सांगितलं. दानिश आपल्या चित्राकडे पाहू लागला, प्रणाली चपलेला लागलेल्या मातीकडे. तहरीमला समोर गिलाफांची चवड दिसली.

"माप गजेंद्रचं हाय," ती म्हणाली. "चुकीचं हाय हे मले ठाऊक होतं, तरी मी शिवलं."

परीक्षक बाई म्हणाल्या, मग ज्याचं माप त्यानेच वेचावं. गजेंद्रने झोळी घातली आणि ती नवरदेवाच्या कोटासारखी बसली. तिथे वेचणीच्या ओळीत पुरुष कधी उभा राहत नाही. गाठोडी उचलायला फक्त येतो. बाया हातातलं काम सोडून पाहत राहिल्या. झोळीत कापूस कमी पडत होता, सुका पाला जास्त.

"भाऊ, झाडच चाललं तुमच्या झोळीत," कौशल्याबाई म्हणाली.

त्याला घाम फुटल्यावर तहरीमने झोळी काढून घेतली. कौशल्याबाईला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं केलं, पिशवीतली कात्री काढून पट्टे कापले, अंगावरच टाचले आणि हातानेच शिवले. आता ही चित्राशी जुळेल का, अशी दानिशला चिंता पडली.

"चित्र येते का वेचाले?" तहरीमने विचारलं.

कौशल्याबाईने ओळ संपवली आणि झोळी न काढताच दुसऱ्या ओळीला लागली. परीक्षक बाईंनी तेवढंच पाहिलं.

चौघंही पास झाली, सारख्याच गुणांनी. पेपरात फोटो आला तो झोळी घातलेल्या गजेंद्रचा. इनायतुल्लाने तो पाहून विचारलं, ह्या पोराने शिवली का? पुढे तहरीमला नांदगाव पेठेतच एका कापड कारखान्यात नमुने शिवायचं काम मिळालं. तिथे आजही ती घालणाऱ्याला समोर उभं केल्याशिवाय कात्री उचलत नाही.

निकाल लागला तेव्हा झोळी कॉलेजात जमा करायची राहिली होती, कारण कौशल्याबाई ती घालूनच घरी गेली होती. गटाची वस्तू आहे, जाऊन घेऊन ये, असं गजेंद्रने तहरीमला फर्मावलं.

"तूच जाय," ती म्हणाली. "गट तूच सांभाळतो नं."

तो गेला नाही.