डाव्या पायाचा ब्रेक

आमच्या पिंप्राळ्यात भिकन नानांना लंगडा म्हणायची कुणाची छाती नाही. उजवा पाय लहानपणीच पोलिओने वाळला, हे सगळ्यांना दिसतं. पण नानांच्या तोंडाला लागणार कोण? आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून आईबापांनी नाव भिकन ठेवलं. "नाव भिकन शे, पण भीक मांगत नही," हे ते कुणालाही सुनावतात. मी त्यांच्याच गल्लीत चार घरं सोडून राहते, त्यामुळे मीही ऐकून घेतलं आहे.

नाना शेतातल्या पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करतात. असोद्याच्या केळीच्या मळ्यांतून त्यांना बोलावणी येतात आणि ते जातात बीएसए मोटारसायकलवर. ही इंग्रजी गाडी वयाने त्यांच्याहून मोठी. तरुणपणी भुसावळच्या एका रिटायर झालेल्या रेल्वे ड्रायव्हरकडून घेतलेली. आजच्या गाड्यांना ब्रेक उजव्या पायाशी आणि गिअर डाव्या पायाशी असतो. हिचं बरोबर उलटं. नानांचा धड पाय डावा, आणि हिचा ब्रेक डाव्याच पायाशी. उजवा पाय मांडीपासून उचलून गिअरच्या दांडीवर टाकला की नुसत्या वजनाने गिअर पडतो. किकसुद्धा ते गाडीच्या उजव्या अंगाला उभे राहून, हातांनी गाडीवर भार टाकून डाव्या पायाने मारतात. ही गाडी आपलाच पाय बघून बनवली, असं नाना म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं.

यंदा असोद्याला जाताना रेल्वेपुलाच्या उतारावर मागचा ब्रेक लागलाच नाही. पुढचा, हाताचा, तो आधीपासूनच नावापुरता. गाडी केळीच्या हातगाडीत घुसली आणि मागे बसलेल्या द्रौपदा अक्का, नानांच्या मंडळी, रस्त्यावर पडल्या. हाड मोडलं नाही. पण ह्या गाडीवर परत बसणार नाही असं सांगून त्या रिक्षाने घरी आल्या.

मुलगा प्रशील बँकेत आहे. बापावर त्याचा जीव आहे, म्हणूनच तो भडकला. त्याने पुण्याचा एक शौकीन गाठला, जुन्या गाड्या जमवणारा. गाडी हॉलमध्ये काचेआड ठेवीन म्हणाला. नानांसाठी बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटर घ्यायचं ठरलं. अर्थात, नानांना न विचारता.

"गाडी काय फोटो शे का, काचमा ठेवाले?" नाना गरजले. "इकानी नही शे!"

शेवटी प्रशील म्हणाला, "नाना, रविवारी तो माणूस येतोय. तोवर ब्रेक झाला, आणि मी स्वतः चालवून बघितला, तर मी परत तोंड उघडणार नाही. नाही झाला तर गाडी जाणार." नाना हो म्हणाले.

मागच्या चाकाचा ड्रम उघडला तर ब्रेकशूचं लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारी पट्टी, झिजून पार कागद झालेलं. जळगावात एकाने बुलेटचे शू घासून बसवतो म्हटलं. नाना म्हणाले, घासून बसवलेला शू एका कोपऱ्यावर धरतो, तो आम्हाला नको. फोनवरून मागवलेले नवे शू आले ते दुसऱ्याच मॉडेलचे. मी म्हटलं, "नाना, सोडा आता हट्ट." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा ठेवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी नाना जुने शू पिशवीत घालून एसटीने धुळ्याला गेले. तिथे आग्रा रोडवर मगन म्हणून ट्रकचे लायनर मारणारा आहे. त्याच्याकडे तांब्याच्या तारा विणलेली जुनी पट्टी पडून होती, हवी तशी वाकणारी. दोघांनी ती कापली, शूवर वाकवून पितळी रिबिटांनी ठोकली. घरी आल्यावर नानांनी ड्रमला आतून खडू फासला, चाक फिरवलं, पट्टीवर जिथे खडू लागला तिथेच कानस मारली. परत खडू, परत कानस. पट्टी सगळीकडून सारखी पांढरी झाली तेव्हाच ते उठले.

रविवारी पुण्याचा माणूस आला. गल्ली जमली. अक्का दारात उभ्या. प्रशील या गाडीच्या सावलीत वाढला, पण चालवली कधीच नव्हती. नाना सांगू लागले, "देख, ब्रेक डावा..."

"माहीत आहे मला," म्हणत तो निघाला.

पहिल्या गिअरमध्ये माझ्या घरापर्यंत आला. दुसरा टाकायला त्याने सवयीने डावा पाय जोरात दाबला. मागचं चाक जागीच जाम! गाडी आडवी झाली आणि प्रशील माझ्या फाटकावर. फाटक वाकलं, त्याचं कोपर सोललं.

"बघितलंत? मध्येच अडते ही!" तो ओरडला.

"अडनी नही, थांबनी!" नाना त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडले. "गिअर समजीसन ब्रेक दाबा तू. इतला ब्रेक तुनी गाडीले तरी शे का?"

गल्ली हसली. प्रशीलने खाली बघितलं. रस्त्यावर चाक घासल्याचा काळा पट्टा उमटला होता. पुण्याचा माणूस मात्र म्हणाला, "ब्रेक उत्तम आहे. पण काका, या पायाने अजून किती दिवस..."

नानांचा चेहराच बदलला. "बठ्ठा लोक जलमभर मना उजवा पायकडेच देखतस," ते हळू बोलले. "या गाडीनीच मना डावा पाय देखा."

मला त्या माणसाचा राग आला. मी काही बोलणार, तेवढ्यात अक्का दारातून निघाल्या. पदर खोचला, गाडी उभी करणाऱ्या नानांना हातभार लावला. नानांनी डाव्या पायाने किक मारली आणि गाडीवर बसले. अक्का मागच्या सीटवर बसल्या आणि त्यांनी नानांचा खांदा धरला. पुण्याचा माणूस अजून समोरच उभा होता.

"सरका भो बाजूले," अक्का त्याला म्हणाल्या, "आम्हले पूल उतरीसन असोदाले जानं शे."