तुरा खरा की चेपलेलं हाड?

माझी मावशी संग्रहालयात जुन्या हाडांची तज्ज्ञ आहे. बोलता बोलता ती समोरच्याच्या कपाळाकडे टक लावून बघते, त्यामुळे पाहुणे जरा बिचकूनच असतात.

एकदा तिच्याकडे एका मांसाहारी डायनासोरची कवटी आली. तुकड्यातुकड्यांत, अर्धी दगडात रुतलेली. दात ओळखीचे, जबडाही ओळखीचा. पण नाकाच्या हाडावर पुठ्ठ्याएवढा पातळ, उभा तुरा! मावशी हरखली. संचालक मात्र ढिम्म.

"बाई, दगडाच्या दाबाने गालाचं हाड वर सरकलंय. ही आपली जुनीच बिनतुऱ्याची जात."

"सर, सरकलेल्या हाडाच्या बुडाशी भेग असते. इथे नाही."

"मातीखाली असेल. साफ करा."

मावशीने सुई आणि ब्रश घेऊन कण न् कण साफ केला. भेग सापडेना आणि सरांना पटेना. शेवटी तिलाच शंका खायला लागली, की आपल्याला तुरा हवाय म्हणून तर तो दिसत नाही ना? ताटावर बसली तरी तिचं लक्ष नसे.

काका दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, "अगं, बाहेरून काय बघत बसलीस? आत बघ. क्लिनिकला घेऊन ये त्याला."

दुसऱ्या दिवशी मावशी नाकाचा तो तुकडा चादरीत गुंडाळून क्लिनिकमध्ये हजर. रिसेप्शनवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पेशंटचं वय?"

"वीस कोटी वर्षं. थोडं इकडेतिकडे."

"म्हणजे ज्येष्ठ नागरिक. आधी आत जा."

गाल सुजलेले एक गृहस्थ रांगेत पहिले होते. ते कुरकुरणार, एवढ्यात चादर सरकली. "जाऊ द्या, जाऊ द्या," ते घाईघाईने म्हणाले, "त्यांचं तर डोकंच हातात आलंय."

एक्स-रे पडद्यावर उमटला. नाकाच्या पोकळीतून हवेच्या बारीक वाटा निघून थेट तुऱ्यात शिरल्या होत्या. नाक आणि तुरा एकाच हाडाचे, सलग.

"वाढलाय!" मावशी ओरडली. "तिथेच वाढलाय!"

"मग काढून टाका ना!" बाहेरून गृहस्थ कळवळून म्हणाले.

संचालकांनी तो एक्स-रे उलटसुलट करून पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "बाई, मी चुकलो," ते म्हणाले. नवी जात जाहीर झाली. पत्रकारांसमोर मात्र ते म्हणाले, "मी यांना पहिल्यापासून सांगत होतो, नीट साफ करून बघा."

"खोटं नाही ते," मावशी हसत म्हणाली. "सांगत होतेच."

नव्या जातीला आपलं नाव मिळेल अशी काकांना आशा होती. मावशीने तुऱ्यावरूनच नाव ठेवलं. काका दोन दिवस फुगून बसले. मग शोधनिबंधाच्या तळाशी 'एका दंतवैद्यांचे आभार' अशी ओळ निघाली. आता ते ती ओळ, पुढच्यामागच्या परिच्छेदांसकट, प्रत्येक पेशंटला वाचून दाखवतात. तोंड उघडं असल्यामुळे कोणी हरकत घेत नाही.